बोयावरचं शेवाळ

चहा पाजलात म्हणून पुन्हा तेच सांगायचं का? बरं, ऐका, पण मधे बोलू नका.

जपानात संदीपकडे, आमच्या मुलाकडे गेलो होतो. तिथल्या मोठ्या तलावात होड्यांना वाट दाखवणारे बोये तरंगतात. बर्फ धरायच्या आत ते काढतात, घासतात आणि शेडमध्ये ठेवतात. संदीप धक्क्यावर पोचायच्या आधीच बोये सांभाळणाऱ्या तानाका-साननी, म्हणजे आपल्याकडच्या तानाकारावांनी, माझ्या हातात ब्रश दिला. मला रिकामं बसवत नाही. बोये लख्ख करून टाकले.

संदीप आला तो ओरडतच. "बाबा! त्यावरचं शेवाळ म्हणजे माझी पीएचडी होती!"

"मग ती पाण्यात कशाला सोडलीस?"

"कोणी सांगितलं होतं हात लावायला? एक तरी बोया ठेवायचात!"

"ठेवलाय की. दमल्यावर माणसानं बसायचं कशावर?"

मी उठलो. बुडाखालच्या बोयाला खालच्या अंगानं हिरवंगार शेवाळ तसंच होतं. त्यावरच गडी डॉक्टर झाला.

तानाका-साननी कमरेत वाकून माझी माफी मागितली, संदीपनं शेवाळ राखायला सांगितलं होतं तेच विसरले होते म्हणून. चारचौघांत बापावर ओरडणारे डॉक्टर संदीप तेवढे अजून बाकी आहेत.