मतदानाला गावी

शिर्डी स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे एक हॉटेलमालक आणि त्यांचा नेपाळी आचारी उभे होते.

"टेकबहादूर, ऐन गर्दीत गेलास तर मी दुसरा आचारी ठेवीन. मग म्हनू नको."

"ठेवा, मच्छिंद्रशेठ. पण मत आमच्या गावातच द्यावं लागतं."

"आरं, तिकडं सरकार पडलं, जाळपोळ झाली, पोरं जिवानिशी गेली. आता मत देऊन काय हुनार?"

"म्हणून तर परत निवडणूक लावली."

"त्यापरीस तुमचा राजाच बरा हुता."

"माझा बापही तेच म्हणतो."

"मग ऐक की बापाचं."

"राजा चुकला तर त्याला घरी कसं पाठवायचं, शेठ? मंत्री चुकले तर मी परत रजा मागीन."

"म्हंजी दर खेपेला माझंच हॉटेल बंद."

"सोसायटीच्या मतदानाला तुम्हीच बंद ठेवलं होतं."

"ते येगळं. माझा मेव्हना उभा हुता."

"पडला ना?"

"पडला. आता फिरून उभा ऱ्हानार हाय. बरं, तुमच्यात कोन येनार निवडून?"

"ते आधीच कळलं असतं तर कशाला गेलो असतो?"

त्यांचा नंबर आला. आचारी खिडकीशी वाकला.

"जानारच हायेस, तर परतीचं तिकीट बी आत्ताच काढ."