एकच फरशी उरली

सामोआतल्या आपिया शहरात, हार्डवेअरच्या दुकानात लोसा रांगेत उभी होती. तिच्या पुढचा म्हातारा गल्ल्यावरच्या मुलीशी बोलत होता.

“पोरी, काल नेलेल्या ड्रिलच्या बिटाने फरशी तडकली.”

“काका, तो विटांचा होता. हा भाल्याच्या टोकाचा न्या, काचेलाही चालतो. ड्रिलचा ठोका बंद ठेवा आणि वरून पाणी सोडत राहा.”

“पाणी नको. तिला थंडी फार वाजायची.”

“कुणाला?”

“बायकोला. आमच्या घराच्या दारापुढच्या तिच्या कबरीवर फोटो बसवायचाय.”

लोसाने हातातला रंगाचा डबा हळूच खाली ठेवला.

“मग तडकलेली काढून नवी लावा.”

“एकच उरलीय. म्हणून तर विचारून नेतोय.”

“निळ्या आहेत आमच्याकडे.”

“त्या नकोत. आमच्या फरश्या न्हाणीघरासाठी तिनेच निवडल्या होत्या.”

“मग न्हाणीघर?”

“राहिलं. सगळ्या तिलाच लागल्या.”