संक्षिप्त रूप

मुलगी : पुन्हा सांगा. विसाव्या प्रिंटवर काय लिहिलंय तुम्ही?

बाबा : एक छेद दोन.

मुलगी : आणि दहाव्या?

बाबा : एक छेद चार. तिसाव्यावर तीन छेद चार. अगं, हे तर तोंडी येतं.

मुलगी : बाबा, मी काल या टेबलावर आईच्या नव्या चित्राच्या चाळीस प्रिंट ठेवून गेले. आईने उजवीकडे सही करायची, डावीकडे नंबर घालायचा. बस. एक छेद चाळीस, दोन छेद चाळीस, तीन छेद चाळीस...

बाबा : तीन छेद चाळीस तसाच ठेवलाय. त्याला भाग जात नाही.

मुलगी : भाग जात नाही!

बाबा : दोनला जातो. म्हणून एक छेद वीस. भाग जात असताना तसाच सोडला, तर मी वर्गात अर्धा गुण कापायचो. माहितीये तुला. तुझाही कापलाय.

मुलगी : आई, तू समोर बसली होतीस ना? हे महाशय तुझ्या चित्रांवर बसून उदाहरणं सोडवत होते आणि तू गप्प?

आई : मी सह्या करत होते. मला वाटलं, आकडे घालायला अशी काय अक्कल लागते.

बाबा : ऐकलंस?

आई : लागते, हे आज कळलं.

मुलगी : हसू नका दोघं. फ्रेमवाला खाली गाडीत बसलाय. उद्या संध्याकाळी प्रदर्शन आहे. माझ्या चित्रांच्या गॅलरीच्या भिंती मोकळ्या आहेत आणि माझ्या हातात अपूर्णांकांचा गठ्ठा आहे.

बाबा : तू आधी बस. आणि मला नीट समजावून सांग, चुकलं काय? अंश आणि छेदाला एकाच संख्येने भागलं, तर अपूर्णांकाची किंमत बदलत नाही.

मुलगी : इथे किंमतच बदलते, बाबा! हा अपूर्णांक नाहीच आहे. खालचा आकडा म्हणजे आम्ही दिलेला शब्द असतो. जगात या चित्राच्या चाळीस प्रती आहेत, एक्केचाळिसावी निघणार नाही. लोक त्या शब्दावर प्रिंट घेतात. आता एकाच्या भिंतीवर छेद चाळीस, दुसऱ्याच्या छेद वीस. आणि प्रिंट आधीच राखून ठेवलेल्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात एक छेद पाच! त्या सगळ्या गावाला सांगतील, माझ्याकडे पाचातली पहिली आहे.

बाबा : ती आठवी.

मुलगी : मला माहीत आहे ती आठवी!

बाबा : बघ, म्हणजे कळतंय. एकही आकडा दोनदा आलेला नाही. मी तपासलंय. यातला कुठलाही अपूर्णांक दे, मी त्याचा मूळ नंबर सांगतो.

मुलगी : मग प्रत्येक प्रिंटबरोबर तुम्हालाही देऊ का? फ्रेम करून?

आई : घेईल कोण.

बाबा : दोघी मिळून बोला हं. मास्तराला आकडे लिहायला सांगितले म्हणजे ते व्यवस्थित लिहून हवे असतील, असं वाटलं मला.

मुलगी : मुळात तुम्हाला सांगितलं कोणी? नंबर चित्रकाराने घालायचे असतात. स्वतःच्या हाताने. सही आणि नंबर एकाच अक्षरात हवा, घेणारे भिंग लावून बघतात. आई, तुला ठाऊक आहे हे. जन्म गेला तुझा यात.

बाबा : मीच घेतली पेन्सिल. तिने नाही दिली. मला घाई झाली होती.

मुलगी : तुम्हाला? घाई? तुम्ही केळं सोलायला अर्धा तास घेता.

बाबा : शिरा काढाव्या लागतात.

मुलगी : ठीक आहे. ठीक आहे. नव्या काढायची सोय नाही. ज्यावरून प्रिंट काढल्या त्या तांब्याच्या पत्र्यावर आईने छापखान्यातच फुली मारली, मी फोटो काढून निमंत्रणावर छापलाय. पत्रा गेला. म्हणजे आहेत त्याच दुरुस्त करायच्या. हा रबर बघ, आई. मळलेल्या कणकेसारखा मऊ आहे, नुसता टेकवायचा, घासायचा नाही. मी हलकेच पुसते, तू मागोमाग लिही. निम्म्याहून जास्त आहेत, पण होतील. ये.

आई : पुसलेलं दिसेल. या कागदाची लव उठते.

मुलगी : थोडी उठेल. दाबून टाकू. ये ना.

आई : माझा चष्मा कुठाय कोण जाणे.

मुलगी : डोक्यावर आहे.

आई : उद्या सकाळी लिहिते.

मुलगी : उद्या सकाळी? अगं, काचा कधी बसवायच्या? भिंतीवर कधी लावायच्या? आई, चाळीस वेळा सही करायला जमलं आणि दोन आकडे लिहायला मुहूर्त हवाय का तुला?

बाबा : सह्याही तिने सकाळीच केल्या. सकाळी बरं असतं.

मुलगी : काय बरं असतं?

बाबा : उजेड.

मुलगी : आत्ता काय अंधार आहे? दुपार आहे ही. आणि खिडकी का लावून घेतलीय? श्वास कोंडतो इथे.

बाबा : मी लावली. कागद उडतात.

मुलगी : आई, ही पेन्सिल घे.

बाबा : मी लिहितो. तिच्यासारखं अक्षर काढतो, कळायचंही नाही कोणाला. तिचा चार मला येतो. वर थोडा उघडा असतो.

मुलगी : बाबा! शेजारच्याचं बघून लिहिणाऱ्या पोरांना तुम्ही वर्गाबाहेर उभं करायचात.

बाबा : ती परीक्षा असायची.

मुलगी : आणि हे काय आहे? या लोकांनी तीन वर्षं वाट बघितलीय तिच्या नव्या चित्राची. हे छापून आलं, तेव्हा मी रडले होते गॅलरीत बसून. आणि तुम्ही दोघं मिळून मला... आई, तू अशी का बघतेस? हे घे. वाया गेलेला कागद आहे, चित्र नाही. यावर चाळीस लिही. मला फक्त बघू दे, पेन्सिल किती कडक लागते ते.

आई : दे.

(आई लिहिते. पेन्सिल हातातून सुटते, घरंगळत टेबलाखाली जाते. कोणी उचलत नाही.)

मुलगी : हा चार आहे?

आई : चार आहे. शून्य जरा बरं आलंय.

मुलगी : आई.

आई : डोळे मोठे करू नकोस. नाव आहे त्याला, डॉक्टरांनी सांगितलंय. गोळ्या चालू आहेत. सकाळची गोळी लागू पडली की हात तासभर माझं ऐकतो. मग त्याचं त्याचं सुरू. तो तास सह्यांत गेला.

मुलगी : कधीपासून?

आई : पत्र्यावर रेषा ओढायला घेतल्या, त्याच्या आधीपासून. तेव्हा कमी होतं.

मुलगी : म्हणजे वर्ष झालं. आणि मला कोणी सांगायचं? मी दर रविवारी येते इथे. जेवते तुमच्यासमोर बसून.

बाबा : म्हणून तर ती तुला वाढत नाही. मी वाढतो.

मुलगी : मला वाटलं, निवृत्त झाल्यावर सुधारलात.

बाबा : तेही म्हण हवं तर.

आई : तुला सांगितलं असतं तर तू प्रदर्शन पुढे ढकललं असतंस. मी बरी होईपर्यंत म्हणून. मी बरी होणार नाहीये, बाळा. हा पत्रा पुरा होतो की नाही, एवढाच प्रश्न होता. झाला.

मुलगी : फुली मारताना तू कोरायची सुई दोन्ही हातांनी धरली होतीस. मला वाटलं, तुझा जीव होत नाहीये.

आई : तेही होतंच.

मुलगी : आणि मी काय लिहिलंय निमंत्रणावर! "आजवरच्या काटेकोर रेषेत प्रथमच वारा शिरला आहे." शहाण्यासारखं. चित्राचं नावसुद्धा मीच सुचवलं. "वारा". तू हो म्हणालीस!

आई : मग काय म्हणायचं होतं?

मुलगी : प्रिंट राखून ठेवलेल्या त्या आर्किटेक्टने फोन करून सांगितलं, चित्रातले समोरच्या गच्चीतले ते वाळत घातलेले कपडे बघून आपल्याला थंड झुळूक लागते म्हणे.

आई : वारा नव्हता गं. खिडकी बंद होती. हीच. मी काचेतून बघून काढत होते. पलीकडचा शर्ट तारेवर फाशी दिल्यासारखा सरळ लोंबत होता. पान हलत नव्हतं. हलत होते ती मी.

बाबा : चांगलं आलंय पण. मी तेव्हाच म्हटलं होतं.

आई : तुम्ही म्हणाला होतात, तार सरळ नाही आली.

बाबा : तार नाहीच आली सरळ. चित्र चांगलं आलंय.

मुलगी : मला काही सुचत नाहीये. फ्रेमवाल्याचा हा तिसरा फोन.

आई : सुचायचंय काय त्यात? पुसापुशी करायची नाही, कागद खराब होतो. आहे तसंच लावायचं.

मुलगी : आणि नंबर? बघणाऱ्याला कळणारच की अक्षर तुझं नाही. आणि नाही कळलं तरी मी ते लपवणार नाही. हे लोक माझ्या शब्दावर घेतात.

आई : लपव म्हणालं कोण? सांग. चाळीसच प्रती आहेत, सह्या चित्रकर्तीच्या, आकडे तिच्या नवऱ्याचे. प्रत्येकीबरोबर तू तो खात्रीचा कागद देतेस ना, त्यावर तसं छाप. पण का, ते नाही सांगायचं.

मुलगी : विचारतील ना.

आई : तर म्हणावं, गणिताचे मास्तर आहेत, आवरले नाहीत.

बाबा : हे बरं आहे.

आई : खोटं आहे का? लोकांना उद्या रेषा बघू दे. माझ्या हाताकडे बघत बसले तर चित्र राहील बाजूला. सगळे जवळ येऊन हळू आवाजात बोलायला लागतील. मला ते नकोय. तुलाही सांगितलं नव्हतं ते त्याचसाठी. बघ, तुझा आवाज खाली आलाच. मघाशी ओरडत होतीस ते बरं होतं.

मुलगी : ओरडू का पुन्हा?

आई : ओरड.

मुलगी : बाबा! उद्या तुम्ही दाराजवळ उभं राहायचं. हलायचं नाही. कोणीही आपला अपूर्णांक घेऊन आलं की त्याचा खरा नंबर सांगायचा.

बाबा : तोंडी?

मुलगी : तोंडी.

बाबा : शर्ट कुठला घालू?

आई : इस्त्रीचा. आणि उगाच त्यांच्याकडून करवून घेऊ नका. सरळ उत्तर सांगा.

बाबा : पहिल्यांदा सोडवून बघायला द्यायला काय हरकत आहे?

मुलगी : हे धरा. या वरच्या वेगळ्या करते, खालच्या तुम्ही बघा. थांबा, यावर तर नुसता एक लिहिलाय. खाली काहीच नाही.

बाबा : शेवटची आहे ती. चाळीस छेद चाळीस.

मुलगी : एक.

बाबा : हं.

मुलगी : ही मी लावणार नाही. ही इथेच राहू दे.

आई : लाव की. भिंत मोकळी दिसेल.

मुलगी : दिसू दे. आई, नावाचं काय करू? अजून भिंतीवरची पाटी बदलता येईल. "वारा" नको वाटत असेल तर...

आई : असू दे. त्या आर्किटेक्टला झुळूक लागतेय तर लागू दे. खिडकी मात्र उघड आता, मला गुदमरायला झालंय.

बाबा : थांब. आधी कागदांवर वजन ठेवू दे.