मैदानाकडे पाठ

आयोवातल्या जत्रेत मातीच्या गोल वाटेवर मोटारींची शर्यत सुरू झाली, तेव्हा शाळामास्तरीण कोराच्या शेजारी एक म्हातारी मैदानाकडे पाठ करून बसली होती. तिचा नवरा वैतागला होता.

“अगं आल्मा, इतक्या लांब आलीस, तर बघ की पोराकडं!”

“मला नाही बघवत. मी ऐकते.”

“सात गाड्यांत नेल्सची कशी ओळखणार?”

“खोकते ती आपली. महिनाभर माझ्या अंगणात खोकत होती.”

“बरं, ऐक. तिसरा आहे तो. आता दुसरा!”

“अहो, आपली थांबली.”

“कशावरून?”

“खोकला थांबला.”

“धुळीत काही दिसत नाही गं. वळणावर एक गाडी उलटलीय खरी.”

“त्याचीच आहे.”

“मी खाली जाऊन बघतो.”

“गप्प बसा जरा. ऐकू द्या मला.”

लाल झेंडा हलला आणि बाकीच्या गाड्याही थांबल्या. धुळीपलीकडून कुणाचा तरी आरडाओरडा कोरालाही ऐकू आला.

“अहो, शिव्या घालतोय तो गाडीला!”

“नक्की नेल्सच ना?”

“आवाज त्याचा, शिव्या तुमच्या.”