पाणी कितव्या पायरीला?

चहा गार झाला तरी चालंल, पण आईला मालदीवला न्यायचं ठरलं तवाचं आधी ऐका.

आमचं घर सांगलीत, नदीकाठाला. पावसाळ्यात नदीचं पाणी चढायला लागलं की आई दारात खुर्ची टाकून बसती आन पायऱ्या मोजती. तिसरी पायरी बुडाली की गॅस, टीव्ही, गाद्या, सगळं माळ्यावर.

आन आता तिच्या साठीला चार दिवस समुद्रातल्या बेटावर! घरात लय उत्साह. बायकोनं तिघांना टोप्या आणल्या, मी गॉगल आणले. बुकिंगवाल्या पुण्याच्या मॅडमना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काकू, तुमची खोली थेट समुद्रावर आहे, खांबांवर बांधलेली," मॅडम म्हणाल्या.

आई सावरून बसली. "बाई, पाणी कितव्या पायरीला असतंय?"

"अहो, पायऱ्या पाण्यातच उतरतात!"

"म्हंजे आलंयच की वो! सामान कुठं चढवायचं?"

मॅडम गडबडल्या. "काहीच चढवायचं नाही, काकू. पाणी खालीच राहतं, खोलीत कधीच येत नाही. तुम्ही नुसतं पडून बघायचं."

आईनं समोरची टोपी उचलून बाजूला ठेवली. म्हटलं, झालं, आता टोप्या परत करायच्या.

तेवढ्यात तिनं माझ्या हातातनं फोनच ओढून घेतला.

"आत येत न्हाई, नक्की? मग चारचे आठ दिवस करा. जल्मभर पाणी बघून झोप उडाली, एकदा पाणी बघत झोपायचंच हाय मला!"