बर्फाच्या दिवशीचा तास

आमच्या ओहायोत पहिला बर्फ पडला की न घसरणारे हिवाळी टायर बसवायला ही झुंबड उडते. गॅरेजात माझ्या शेजारी दोघं बसली होती: कॉलेजात इतिहास शिकवणारे म्हातारे डेसलर सर आणि त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता तिथंच शिकवणारी कॉरिन.

"सर, तीनच्या मीटिंगमध्ये मी पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम बदलायचा ठराव मांडणार."

"मांड. मी विरोधात मत देणार. अगं, कोलंबसापासून यादवी युद्धापर्यंत पंधरा आठवड्यांत पोचताना माझी दमछाक होते, आणि तू म्हणतेस चारच घटना शिकवायच्या?"

"चारच. पण जुने कागद पोरांच्या हातात द्यायचे."

"आणि लिंकन कोण हे न कळताच पोरं बाहेर पडली तर?"

"तुमच्या परीक्षेत मला शहाण्णव मार्क होते, सर. त्यातल्या दहा तारखाही आज सांगता यायच्या नाहीत."

"मग माझ्या वर्गातलं राहिलं काय तुझ्याजवळ?"

"बर्फामुळे आम्ही पाचजणंच आलो होतो, तो दिवस. तुम्ही गिरणीच्या आगीबद्दलची दोन पत्रं दिलीत, एक मालकाचं, एक कामगार बाईचं. म्हणालात, खोटं कोण बोलतंय ते शोधा."

"हात्तिच्या! तो तर वाया गेलेला तास. पाचजणांसाठी धडा पुढे कुठे नेणार?"

"तोच तास मला पंधरा आठवडे हवाय."

सरांनी चष्मा काढला.

"मग? खोटं कोण बोलत होतं?"

"अकरा वर्षं शोधतेय. पत्रं बॅगेतच आहेत."

"डेसलर, गाडी तयार आहे!" आतून हाक आली.

"थांब रे जरा," सर ओरडले आणि चष्मा पुसत तिच्याकडे वळले. "काढ बघू."