धरा, उचलू नका

टोकनकाका : निवड झाली. हिरवी करवत घेतली. विषय संपला. अभिनंदन करा.

दुकानवाली : अभिनंदन. अकरा बुधवार लागले तुम्हाला. बिल करते.

टोकनकाका : थांबा. आता असं समजू, की यातलं काही झालंच नाही. मी आत्ताच दारातून आत आलो. तुम्ही विचारा, काय हवंय.

दुकानवाली : काका.

टोकनकाका : विचारा तर खरं.

दुकानवाली : काय हवंय?

टोकनकाका : बिनवायरची गोल करवत. हलक्या कामासाठी. आधी टोकन घेतो.

दुकानवाली : या दुकानात टोकन नाहीत. तुम्हीच घरून चिठ्ठ्या आणता, स्वतःला नंबर देता आणि स्वतःच पुकारता. मागे एक भला माणूस खरंच तुमच्यामागे रांगेत उभा राहिला आणि स्क्रू न घेताच निघून गेला.

टोकनकाका : त्याचा सात नंबर होता. माझा चार चालू होता. मी तरी काय करणार?

मिस्त्री : टोकनकाका आले वाटतं. ताई, मी आतच बसतो. ड्रिल उघडून ठेवलंय.

दुकानवाली : बसू नका, बाहेर या. आज मला साक्षीदार पाहिजे. काका, नीट ऐका. हिरवी एकच उरलीय आणि ते मॉडेल बंद झालंय. पाच वाजता कपाटं बसवणारा एक माणूस येतोय, त्याला हीच हवी. अकरा आठवडे काउंटरखाली लपवून ठेवली तुमच्यासाठी. पाचपर्यंत तुमची, पाचनंतर त्याची.

टोकनकाका : आत्ता किती वाजले?

दुकानवाली : सव्वाचार.

टोकनकाका : मग भरपूर वेळ आहे. आमच्या कार्यालयात पाऊण तासात माणसाला नाव बदलून मिळायचं. म्हणजे नियमात तसं होतं. मिळालं कुणालाच नाही.

दुकानवाली : बरं, पहिल्यापासून. काम काय?

टोकनकाका : हलकं.

दुकानवाली : हलकं म्हणजे किती?

टोकनकाका : दोघांत होतं ते हलकं.

दुकानवाली : आणि एकट्यानं केलं तर?

टोकनकाका : तेच विचारायला येतोय.

मिस्त्री : फळी किती जाडीची?

टोकनकाका : अठरा मिलिमीटर.

मिस्त्री : काप किती?

टोकनकाका : नऊ.

मिस्त्री : नुसते नऊ? अहो, अकरा आठवड्यांत एखाद्या उंदरानं कुरतडून दिले असते.

टोकनकाका : उंदराला रेघेवर चालता येत नाही.

दुकानवाली : मिस्त्री, त्यांच्या नादी लागू नका, पाच वाजतील. काका, लाल करवत बघा. नका बघू, मीच सांगते. मोठं पातं, चार किलो वजन, छपराच्या कामाची. तुमच्या मनगटाला झेपायची नाही.

टोकनकाका : मागच्या बुधवारी माझं मनगट दणकट म्हणालात.

दुकानवाली : मागच्या बुधवारी मी तुम्हाला गिऱ्हाईक समजत होते. आता ही निळी. स्वस्त आहे, पण हिला ब्रेक नाही. बटण सोडलं तरी पातं फिरत राहतं.

टोकनकाका : किती वेळ?

दुकानवाली : आठ-दहा सेकंद.

टोकनकाका : म्हणजे काम संपलेलं असतं आणि ते आपलं एकटंच फिरत असतं?

दुकानवाली : हो.

टोकनकाका : नको. तसलं एक घरात आहे.

मिस्त्री : काय आहे?

दुकानवाली : मिस्त्री, गप बसा. राहिली ही हिरवी. लहान पातं, अडीच किलो. बटण सोडलं की पातं जागच्या जागी थांबतं. एका चार्जिंगमध्ये असल्या फळीचे साठेक काप निघतात.

टोकनकाका : मला नऊच पाहिजेत. उरलेल्या एक्कावन्नांचं काय करू?

दुकानवाली : राहू द्यायचे बॅटरीत.

टोकनकाका : एवढे काप घरात पडून असले, की माणसाला चैन पडत नाही. आणि पातं कापताना किती लाकूड खातं?

दुकानवाली : हे तुम्ही दर बुधवारी विचारता. दीड मिलिमीटर खातं. मागच्या वेळीही दीडच होतं.

टोकनकाका : अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी खाणारं आलं नाही ना अजून?

मिस्त्री : तसलं पातं नसतं हो. ब्लेडनं दाढी करायचीय का फळीची? आणि तुमच्या घरी वायरवाली करवत होती ना? तिचं काय झालं म्हणालात?

टोकनकाका : मी चालू केली आणि पहिल्याच झटक्यात तिनं स्वतःची वायर कापली. फ्यूज उडाला. एखाद्या यंत्रानं इतक्या तडकाफडकी राजीनामा दिलेला मी नोकरीतही पाहिला नव्हता.

मिस्त्री : वायर काय, मी दहा मिनिटांत नवी घालून दिली असती.

टोकनकाका : तुम्ही हे मला दुसऱ्याच बुधवारी सांगितलं होतं.

मिस्त्री : मग?

टोकनकाका : मग मी ऐकू न आल्यासारखं केलं. तुम्ही ड्रिल चालवत होता, सोयीचं पडलं.

दुकानवाली : काका, ती करवत कुणाची होती?

टोकनकाका : बायकोची.

दुकानवाली : बायकोची?

मिस्त्री : ताई, तुमचे वडील दुकानात बसायचे तेव्हाची गोष्ट. डाव्या हातानं काम करायच्या त्या बाई. पात्यांना धार लावायला माझ्याकडे यायच्या. केलेली धार नखावर तपासायच्या आणि परत करून मागायच्या. तुम्ही त्यांचे का?

टोकनकाका : मी त्यांचा. ती सुतारकाम करायची आणि मी कार्यालयातून आलो, की दुसरं टोक धरायचो.

दुकानवाली : कसलं दुसरं टोक?

टोकनकाका : फळीचं. एका टोकाला करवत, दुसऱ्या टोकाला मी. लग्नानंतर पहिली सहा वर्षं मी फळी उचलून धरायचो. वाटायचं, मदत होतेय. उचललं, की काप मिटतो आणि पातं आत अडकतं. करवत एकदा तिच्या अंगावर उसळली. तेव्हापासून दर वेळी बटण दाबायच्या आधी म्हणायची, ‘अहो, धरा. उचलू नका.’ पुढची सव्वीस वर्षं मी उचललं नाही. तरी म्हणायची.

दुकानवाली : कधी गेल्या?

टोकनकाका : आठ महिने झाले.

दुकानवाली : मला बोलला नाहीत कधी.

टोकनकाका : तुम्ही विचारलं नाहीत. तुमच्या फॉर्मात तो रकानाच नव्हता.

मिस्त्री : मी येतो ना रविवारी. धरतो दुसरं टोक. नऊ काप म्हणजे चहा होईस्तोवरचं काम.

टोकनकाका : तुम्ही उचलाल.

मिस्त्री : नाही उचलणार.

टोकनकाका : तसं नाही, मिस्त्री. दुसऱ्या टोकाची जागा भरलेली आहे. तिथे मी आहे. रिकामी झालीय ती पहिली.

दुकानवाली : मिस्त्री, पंखा वाढवा जरा. काका, चादरीत गुंडाळून ते काय आणलंय आज?

टोकनकाका : फळी. नऊपैकी एक.

दुकानवाली : अकरा आठवड्यांत पहिल्यांदा काम घेऊन आलात दुकानात. दाखवा.

टोकनकाका : दाखवतो, पण त्याचा उपयोग नाही. तुम्हाला सांगून टाकतो. ही मांडणी तिनं माझ्या फायलींसाठी आखली होती. माझ्या फायली पलंगाखाली असतात, झाडताना तिला त्रास व्हायचा. नऊ फळ्या आणल्या, सगळ्यांवर पेन्सिलनं रेघा मारल्या आणि नंतर सगळ्यांवर फुल्या मारून ठेवल्या.

मिस्त्री : फुल्या?

टोकनकाका : हे बघा ना. रेघ आणि शेजारी फुली. नऊच्या नऊ फळ्यांवर. एकतीस वर्षं अर्ज तपासलेत मी. फुली म्हणजे नामंजूर. तिचा विचार बदलला असणार. मला बोलली नाही, एवढंच. फायली पलंगाखालीच बऱ्या, असं वाटलं असेल. किंवा मीच नामंजूर.

मिस्त्री : ताई, तुम्ही सांगता का मी सांगू?

दुकानवाली : तुम्हीच सांगा. मला नीट सांगता यायचं नाही.

मिस्त्री : काका, सुतार फुली मारतो ती टाकाऊ बाजूवर. रेघेच्या ज्या अंगाला फुली, तो तुकडा फेकायचा. दुसऱ्या अंगाचा ठेवायचा. कापताना गोंधळ व्हायला नको म्हणून. फुली मारली म्हणजे माप पक्कं झालं. आता फक्त कापायचं.

टोकनकाका : फक्त कापायचं.

मिस्त्री : हो. म्हणजे तुमच्या भाषेत काय म्हणतात?

टोकनकाका : मंजूर. पुढील कार्यवाहीसाठी रवाना.

दुकानवाली : बत्तीस वर्षं दुसरं टोक धरलंत आणि फुलीचं कळलं नाही?

टोकनकाका : तिथून रेघ दिसत नाही, बाई. आणि भुसा उडायचा म्हणून मी डोळे मिटून घ्यायचो.

दुकानवाली : मग ते अर्ध्या मिलिमीटरचं पातं कशाला हवं होतं?

टोकनकाका : रेघ अर्ध्या मिलिमीटरची आहे. पातं दीड खातं. म्हणजे एकेक काप मारला, की तिची एकेक रेघ भुशात जाणार. तिच्या हातचं तेवढंच आहे घरात. किराण्याची यादीसुद्धा मीच लिहायचो, तिचं अक्षर मला लागत नसे. म्हटलं, एखादं असं पातं मिळेल, की काप पडेल आणि रेघही राहील.

मिस्त्री : अहो, रेघेवर कोण कापतं? पातं फुलीच्या अंगाला ठेवायचं. रेघेला चिकटून, पण रेघेच्या बाहेर. खायचं ते फुलीचं खातं. रेघ फळीवर राहते. त्या बाई तर काप झाल्यावर भिंग लावून रेघ शाबूत आहे का बघायच्या, माझ्यासमोर.

टोकनकाका : म्हणजे घरातल्या टेबलाला, दाराला...

मिस्त्री : जिथे रंधा फिरला नसेल तिथे रेघ असणार. पाठीमागून बघा. खालून बघा.

दुकानवाली : पाच वाजायला बारा मिनिटं आहेत. मिस्त्री, फळी टेकवायला दोन लाकडी घोड्या मांडा. काका, भुशासाठीचा चष्मा घाला. माझा घ्या, तो मोठा आहे. हिरवीला बॅटरी लावलीय. फळीची फुलीकडची बाजू घोडीच्या बाहेर ठेवा. तो तुकडा खाली पडू द्यायचा, धरायला कुणी लागत नाही.

टोकनकाका : कुणीच?

दुकानवाली : एवढ्याशा तुकड्याला नाही लागत. दोन्ही हात करवतीवर. डोळे उघडे.

(त्यानं करवत फळीवर टेकवली. आयुष्यात पहिल्यांदा तो रेघेच्या बाजूला उभा होता, आणि ही बाजू इतकी उजेडाची असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. बटण दाबण्याआधी तो थांबला. कुणीतरी काही म्हणायचं राहिलं होतं. मग त्यानं बटण दाबलं.)

मिस्त्री : झालं. सोडा बटण. बघा, थांबलं पातं.

दुकानवाली : रेघ?

टोकनकाका : आहे. सगळी आहे. इथे जरा जास्त दाबलीय पेन्सिल. टोक मोडलं असणार.

मिस्त्री : पहिल्या कापाला बरा निघाला. त्या असत्या तर परत करायला लावला असता.

टोकनकाका : हो. दोनदा.

दुकानवाली : काका, आता खरंच बिल करू? की हेही झालंच नाही असं समजायचं?

टोकनकाका : करा बिल. हे झालं असं समजू.

दुकानवाली : आणि पुढच्या बुधवारी?

टोकनकाका : पुढच्या बुधवारी माझं इथे काय काम? गिऱ्हाईक करवत घेऊन गेलं, की प्रकरण बंद होतं.

दुकानवाली : पात्याचे दात बघून घ्यायला यायचं असतं. नवीन पात्याला नियमच आहे तसा.

मिस्त्री : असा नियम कधी...

दुकानवाली : मिस्त्री, ड्रिल उघडं पडलंय तुमचं.

टोकनकाका : मग हा फुलीचा तुकडा ठेवून घ्या. टोकन समजा. बुधवारी पहिला नंबर माझा.

दुकानवाली : ठेवला. आता हे वॉरंटी कार्ड. मी लिहिते, तुम्ही सांगा. वापर घरगुती की व्यावसायिक?

टोकनकाका : घरगुती. हलका.

दुकानवाली : वापरणाऱ्यांची संख्या?

टोकनकाका : एक.

दुकानवाली : खाली दोन ओळी रिकाम्या आहेत. ‘ग्राहकाची अन्य विनंती’. आजवर कुणी भरलेल्या नाहीत, कंपनीत कुणी वाचतही नसेल. रेघ मारून टाकू?

टोकनकाका : नको. लिहा. बसेल दोन ओळींत, मला सवय आहे. ‘विषय : उर्वरित आठ कापांपुरती पहिल्या टोकाला पूर्वीचीच व्यक्ती परत मिळणेबाबत. महोदय, अर्जदार दुसऱ्या टोकाला वेळेवर हजर राहील. फळी धरेल, उचलणार नाही. तरी सदर अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.’